हॉलमधला दर्या

अनंतअण्णांच्या घरी गेलं की आधी कोपरापर्यंत हात धुवावे लागतात. जेवायला नव्हे, हॉलमधली माशांची टाकी लांबून बघायला. एकदा सख्ख्या मेव्हण्याने तिच्यात बोट बुडवलं, तर अण्णांनी त्याला कॉफी न देता वाटेला लावलं.

अण्णा माझे बसवनगुडीतले घरमालक. ते वर, मी खाली. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे त्यांचं मराठी कानडीचा हात धरून चालतं. मी पुण्याचा, म्हणजे शुद्ध बोलतो आणि कुणाला कळत नाही. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर, पण अण्णांनी तो घरातच आणून बसवलाय. खारं पाणी, त्यात जिवंत प्रवाळ, आणि त्या प्रवाळांची बडदास्त जावयासारखी.

"पाणी सुळ्ळु सांगत नाही रे," हे त्यांचं ब्रीद. सुळ्ळु म्हणजे खोटं. माणसांबद्दल त्यांची अशी खात्री नाही.

गेल्या महिन्यात मात्र पाणीच बिघडलं. प्रवाळ तपकिरी पडले, दगडांवर शेवाळ दाटलं. परीक्षानळीत अण्णा औषधाचे थेंब टाकत आणि पाणी निळंशार होई. निळं म्हणजे फॉस्फेट वाढलं, म्हणजे टाकीत नको ते अन्न जातंय. त्यांनी पाणी बदललं, फिल्टर बदलला, माशांचं खाणं निम्म्यावर आणलं. निळं ते निळंच. मग संशय माझ्यावर.

"तुझी उदबत्ती स्वल्प कमी कर."

मी देव मानत नाही, हे सांगूनही काही उपयोग झाला नाही.

रविवारी सकाळी आम्ही दोघं डोकं धरून टाकीसमोर बसलो होतो. एवढ्यात देवघरातून शांताक्का आल्या. अण्णांच्या पत्नी, माहेर वेंगुर्ल्याचं. अलीकडे त्यांना माणसं ओळखू येत नाहीत. त्यांनी टाकीचं झाकण सरकवलं, वाटीतली चमचाभर दूधसाखर आत सोडली आणि हात जोडले. "दर्यादेवा, माझ्या माणसांना सांभाळ." मग आल्या तशा आत गेल्या.

मला मेव्हणा आठवला. पण अण्णांनी उठून फक्त झाकण परत बसवलं.

"अहो, सांगा ना त्यांना!" मी कुजबुजलो.

"काय सांगू? समुद्र सोडून आली ती माझ्यामागे. तिच्यासाठीच आणली ही टाकी. मला कशाला रे हवेत मासे?" त्यांनी नळी पुसून ठेवली. "माझं नाव गेलं तिच्या डोक्यातून. दर्या राहिलाय. तो पण काढून घेऊ?"



संध्याकाळी त्यांनी सगळे प्रवाळ राजाजीनगरच्या एका हौशी मित्राला देऊन टाकले. डबे रिक्षात ठेवताना मला दहादा बजावलं, "हळू ने रे, हळू." टाकीत उरले दगड, खारं पाणी आणि दोन चिवट मासे. रोज बादलीभर पाणी बदललं की त्यांचं भागतं.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो, तेव्हा शांताक्का चमचा रिकामा करत होत्या. मागे बादली घेऊन अण्णा उभे. त्या अण्णांकडे वळून म्हणाल्या, "अहो पाहुणे, नुसते बघताय काय? नमस्कार करा."

अण्णांनी बादली खाली ठेवली आणि हात जोडले.