चौथ्या मजल्यावरची सरासरी

सिस्टरबाईंनी वॉर्डात वीस वर्षं काढली, पण त्यांना खरा घाम फुटला तो जैवसंख्याशास्त्राच्या तासाला. चाळिशी उलटल्यावर त्यांनी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गात नाव घातलं होतं. सरासरीपर्यंत गाडी ठीक चालली. प्रमाण विचलन आलं आणि पाचावर धारण बसली. त्यात सरांनी गृहपाठ दिला: तीस प्रौढांचा रक्तदाब मोजा, सरासरी काढा, निष्कर्ष लिहा.

"तीसच ना? आपल्या इमारतीतच होतील," म्हणत नवऱ्याने ग्रुपवर निरोप टाकला.

रविवारी सकाळी चौथ्या मजल्यावर त्यांच्या दारात रांग लागली. लिफ्ट बंद होती, पण फुकटची तपासणी कोण सोडतो! माणसं धापा टाकत येत, बाई दंडाला पट्टा आवळत, आकडा टिपत आणि ओरडत, "पुढचे!"

वरच्या दाबाची सरासरी निघाली एकशे अठ्ठावन्न. बाईंनी तीनदा बेरीज केली.

"अहो, अख्खी इमारत आजारी आहे!"

नवऱ्याने तेही ग्रुपवर टाकलं.

मग काय विचारता! घरोघरी स्वयंपाक अळणी झाला. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर मृत्युपत्र लिहून साक्षीदार शोधू लागले. पहिल्या मजल्यावरचे दादा आणि तिसऱ्यावरचा त्यांचा धाकटा भाऊ गाडी लावायच्या जागेवरून सहा वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. "आता किती दिवसांचे सोबती रे आपण!" म्हणत दोघं जिन्यातच गळ्यात पडून रडले.

आठवड्याने सरांनी वही पाहिली. "बाई, मोजण्याआधी माणसं किती वेळ बसली होती?"

"बसतायत कुठली सर? रांग होती."

"आणि वर आली कशी?"

"जिन्याने. चार मजले चढू..." बाईंनी कपाळावर हात मारला. रुग्णांना 'आधी पाच मिनिटं शांत बसा' असं वीस वर्षं बजावणाऱ्या त्या!

वर्ग खो खो हसला. सर मात्र हळूच म्हणाले, "आकडेमोड अगदी बिनचूक आहे हं."

बाई यंत्र घेऊन दारोदार फिरल्या. प्रत्येकाला पाच मिनिटं बसवलं, माफी मागितली, पुन्हा मोजलं. सरासरी एकशे चोवीस. मास्तरांनी मृत्युपत्र फाडलं आणि आधी मिठाचा डबा उघडला.

"दादा, तुमचा दाब एकदम उत्तम," बाई म्हणाल्या.

दादांनी दार लोटून घेतलं. "सिस्टर, धाकट्याला सांगू नका. रोज सकाळी हात धरून फिरायला नेतो हो मला."

तिसऱ्या मजल्यावर धाकट्याचा आकडाही ठणठणीत निघाला. तो कुजबुजला, "दादाला कळू देऊ नका, सिस्टर. माझ्या काळजीने त्याने सावलीतली जागा मला दिलीय. आणि जागेचं सोडा, रोज विचारतो, 'जेवलास का?'"

मग घरी येऊन बाईंनी अहवालाची शेवटची ओळ लिहिली: 'तीसपैकी अठ्ठावीस जणांनी सुधारित निकाल स्वीकारला. दोघांनी जुनाच ठेवून घेतला.'