मुकुंदपंत पारखी यांनीं सरलष्करांचे कादंबरीचा निवाडा केला त्याची हकीकत

श्री वाग्देवतेस नमन करून, वाचणारांचें व ऐकणारांचें कल्याण चिंतून, जें घडलें तें लिहितों. शके सतराशें दहा, कीलकनाम संवत्सर, आश्विनमास. एक राज्य होतें. त्याचें नांव लिहिण्याची आज्ञा नाहीं. त्या राज्यीं ऐसी चाल होती कीं, सालांत ज्या नव्या कादंबऱ्या आणि कथा होतील त्या दरबारचे पारख्यानें वाचाव्या, आणि दसऱ्याचे दरबारीं उभें राहून बरें-वाईट सांगावें, आणि बरा ठरेल त्या ग्रंथाच्या नकला मुलुखांत फिराव्या, खोटा ठरेल तो ग्रंथ जप्त व्हावा. हा अधिकार मुकुंदपंतांकडे अकरा वर्षें होता. त्यांजपूर्वीं बाबदेवभट पारखी होते. त्यांनीं दिवाणसाहेबांचे कादंबरीस "मध्यें लांबली आहे" इतकेंच म्हटलें, आणि मग त्यांची रवानगी किल्ल्यावर जाहली, आणि सहा महिन्यांनीं त्यांचें पागोटें तेवढें घरीं आलें. तें पागोटें मुकुंदपंतांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. तेव्हांपासून ते थोरांचे ग्रंथास "अपूर्व" म्हणत आणि लहानांचे ग्रंथास "होतकरू" म्हणत, आणि या दोन शब्दांवर अकरा दसरे निभावले.

या सालीं सरलष्कर रायाजीराव घोरवडे यांनीं हिरडेकोटचे मोहिमेची कादंबरी लिहिली, नऊशें पृष्ठें जाहलीं, आणि ती पालखींत घालून पंतांचे घरीं पाठविली. त्याच आठवड्यांत भागीरथी कोष्टीण नामें बाईचें सात कथांचें बारीकसें बाड आलें. पंतांनीं आधीं कादंबरी वाचिली. तींत कोट फत्ते जाहला आणि खालचे पेठेंतली गवताची काडीही जळाली नाहीं, ऐसें होतें. पंत म्हणाले, बरें, अपूर्व म्हणावयास हरकत नाहीं. मग कथांचें बाड उघडिलें. तिसरे कथेंत हिरडेकोटची पेठ जळत होती, आणि एक बाई दोन लेंकरें घेऊन टाक्यांत गळ्याइतक्या पाण्यांत उभी होती, आणि काठावर एक घोडेस्वार "आणखी लावा" म्हणून ओरडत होता, आणि ओरडतां ओरडतां त्याचे दांत वाजत होते, आणि मग तो खोगिरावरून वांकून ओकला. धूर सरल्यावर बाई वर आली तेव्हां तिचे हातीं एकच लेंकरूं होतें. पंतांनीं बाड खालीं ठेविलें. दिवस तोच, कोट तोच. एक ग्रंथ खरा म्हणावा तर दुसरा खोटा ठरतो.

दुसरे दिवशीं दिवाणांकडील कारकून आला आणि पान खात उंबऱ्यावरूनच बोलिला, "साहेबांची मर्जी ऐसी कीं त्या कोष्टिणीच्या कथा खोट्या म्हणाव्या. पुढें बाईचें काय तें आम्ही पाहून घेऊं."

पंतांच्या कुटुंबानें, लाडूबाईंनीं, हें आंतून ऐकिलें. कारकून गेल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणून टाका आणि घरीं या. मला पागोटें नको परत आलेलें."

पंत म्हणाले, "बाईस नेतील ते."

लाडूबाई गहूं निवडतां निवडतां म्हणाल्या, "तें मला ठाऊक आहे. तरी मी तुम्हांस सांगितलें."

दसऱ्याचा दरबार भरला. पंत उभे राहिले तों गुडघे आवरेनात, म्हणून खांबास हात लाविला. "अपूर्व" हा शब्द ओठांपर्यंत आणिला, पण समोर सरलष्कर बसले होते, आणि ते पंतांकडे न पाहतां जमिनीकडे पाहत होते, आणि त्यामुळें कीं काय कोण जाणे, शब्द फुटेना. मग पंत म्हणाले, "महाराज, या कादंबरींत सातशें माणसें आहेत आणि त्यांतलें एकही भीत नाहीं. मी या घडीस उभा राहून भितों आहें, म्हणून मला कळतें कीं यांत माणूस लिहिलेला नाहीं. कोष्टिणीच्या कथेंत मोजकीं माणसें आहेत. पाण्यांतलीं भितात आणि घोड्यावरचाही भितो. तो ग्रंथ बरा आहे." महाराजांनीं सरलष्करांस पुसिलें, "तुमचें म्हणणें काय?" ते म्हणाले, "विचार करून सांगतों," आणि उठून गेले. महाराजांनीं फर्माविलें, तोंवर पारख्यानें घराबाहेर पडूं नये, आणि कोष्टिणीस कोणीं हात लावूं नये.

मग चार दिवस पंत ओसरीवर बसून राहिले. रस्त्यानें घोडें गेलें कीं ते दचकत. लाडूबाईंनीं धोतरजोडी आणि घोंगडी बांधून कोनाड्यांत ठेविली, किल्ल्यावर नेलें तर जवळ असावी म्हणून. पांचवे दिवशीं दुपारीं सरलष्कर आले, पायीं आणि एकटे. पंत उठूं लागले तों त्यांनीं हातानेंच बसविलें आणि म्हणाले, "तो घोडेस्वार मी. टाक्यांत कोणी आहे हें मला ठाऊक नव्हतें." मग म्हणाले, "पंत, हें लिहावयाचें कसें?"

पंतांस भय वाटलें कीं हा डाव असेल. तरी ते म्हणाले, "जसें आतां बोललां तसें. पण लिहिलेंत तर महाराज तुम्हांस ठेवणार नाहींत." सरलष्कर म्हणाले, "माहीत आहे."

पंधरा दिवसांनीं त्यांनीं अकरा पृष्ठें आणिलीं आणि पंत वाचीत तोंवर दाराशीं उभे राहिले. पंतांस दरबारापेक्षां येथें अधिक भय वाटलें, कारण सरलष्करांचे चेहऱ्यावर आतां अधिकार नव्हता, नुसती विनवणी होती, आणि विनवणाऱ्यास गोड बोलणें फार सोपें. तरी म्हणाले, "पहिलीं नऊ पृष्ठें अजून कारणें सांगतात. शेवटलीं दोन बरीं आहेत." सरलष्करांनीं नऊ पृष्ठें तेथेंच फाडिलीं आणि दोन महाराजांपुढें ठेविलीं, आणि तिसरे दिवशीं सरदारी गेली, आणि सरहद्दीवरील चौकीवर नेमणूक जाहली. दिवाणांची मर्जी मोडिली म्हणून पंतांचें पारखीपणही गेलें. कोष्टिणीचें बाड मात्र खोटें ठरविणें आतां दिवाणांस कठीण जाहलें, कारण घोडेस्वारानेंच साक्ष लिहून दिली होती.

निघण्यापूर्वीं सरलष्करांनीं पंतांस सांगितलें, "तीं दोन पृष्ठें बाईस दाखवा, आणि ती काय म्हणेल तें मला कळवा." पंत नक्कल घेऊन कोष्टीआळींत गेले. भागीरथी मागावर बसली होती. तिनें हात पुसून पृष्ठें घेतलीं, दोनदां वाचिलीं, आणि पंत अंगणांत उभे राहून वाट पाहत होते. तिनें कागद नीट घडी करून परत दिले आणि म्हणाली, "लिहिलें बरें आहे. मीं क्षमा केली नाहीं, तेंही त्यांस सांगा." आणि पुन्हां मागावर बसली. पंतांनीं तिचे दोन्ही शब्द जसेचे तसे पत्रीं लिहून चौकीवर धाडिले.

येणेंप्रमाणें मुकुंदपंतांनीं अकरा वर्षांत एकच निवाडा केला, आणि तो करितांना त्यांचे गुडघे कांपत होते. पत्राचें उत्तर आलें नाहीं. ज्यानें हें लिहिलें त्यानें पंतांस म्हातारपणीं पाहिलें. घोडें वाजलें कीं ते अजून दचकत.