सम्राट इमूच्या पोटातील गनिमाची हकीकत

कोणी बोलेना. मौजे सदलगा येथे तवनाप्पा पाटलांच्या परसात, भाद्रपद शुद्ध षष्ठीचे सकाळी, तीन असामी एका पाखराभोवती उभ्या होत्या आणि त्यांजमध्ये ऐसी शांतता पडली होती, जैसी तोफेचा जाळ दिसल्यावर आवाज पोहोचण्यापूर्वी पडते. पाखरू म्हणजे इमू, नाव सम्राट, उंची पुरुषभर, मान कृश, नजर परदेशी, आणि चार दिवस अन्न वर्ज्य. त्या शांततेतून जे रण उद्भवले त्याची कैफियत कोणाची मुरवत न धरिता येथे मांडिली आहे. वाचणाराने पदरचे शहाणपण क्षणभर दूर ठेवोन चित्त द्यावे.

मूळ वर्तमान ऐसे. चौदा वर्षांमागे एक कंपनी या प्रांती उतरली आणि तिने रयतेस कौल दिला की इमू पाळावे, तेल निघेल, पीस विकेल, भाग्य उजळेल. तेव्हा तवनाप्पांनी बारा पिले आणोन शेड उभी केली, आणि मग कंपनी एके दिवशी कुलूप लावोन परागंदा जाहली. इतर गावच्या इमूंची वासलात ढाब्यांवर लागली. परंतु हे घराणे जैन; कापणे नाही, कापणारास देणे नाही, आणि एवढे थोरले पाखरू फुकटही कोणी नेईना. सबब ते राहिले, आणि एकेक करोन खपले, आणि अखेरीस एकटा सम्राट उरला, ज्यास आपला मुलूख आठवत नाही आणि या मुलुखास जो अद्याप उमगला नाही. त्यास तवनाप्पांचे कुटुंब लक्ष्मीबाई यांनी हाताने चारोन वाढविले, आणि तो त्यांजखेरीज कोणाचे हातचे घेत नसे.

पाखरू बसले तेव्हा सरकारी जनावरांच्या दवाखान्याच्या डॉक्टर रचनाबाई स्कूटीवर स्वार होऊन कुमकेस आल्या. त्यांचे दफ्तरी गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि कोंबडी इतकेच रकाने. इमूस जागा नाही. जंगलखात्यास फोन केला तो जबाब आला की हे आमचे जंगलचे नव्हे, पाटलांचे घरचे आहे. मग दफ्तरी ‘कोंबडी, नग एक’ ऐसी नोंद होऊन भर परसात सम्राटाची पदवी उतरली. विष्ठा तपासता पोटात जंतांची छावणी आढळली. बाईंनी बजाविले की औषध आज न सुरू केल्यास पाखरू चार दिवस काढणार नाही. हे ऐकताच वर वर्णिलेली शांतता पडली. कारण जैनांचे दशलक्षण पर्व चालू होते.

तवनाप्पांनी टोपी सावरली आणि फर्मान काढिले की पर्वाचे दहा दिवस या घरी कोणत्याही जिवाची हत्या होणार नाही, जंत हाही जीवच, सबब औषध चतुर्दशीनंतर.

“आप्पा, पाखरू मेलं तर जंतसुद्धा मरतील,” रचनाबाई बोलल्या.

“मरू देत. ते आपल्या हातनं न्हाय.”

लक्ष्मीबाई म्हणाल्या, “आखाडात उसाच्या हुमणी अळीला ब्यारलभर औषध ओतलासा. ती काय जीव न्हवती?”

“ते शेत हाय. हे घर हाय.”

दोन राज्यांतील सीमेचा वाद पिढ्यान्‌पिढ्या मिटेना, परंतु शेत आणि घर यांतील सीमा तवनाप्पांनी दोन वाक्यांत आखिली, आणि तीवर अपील नव्हते. रचनाबाईंनी बाटली आणि प्रमाणाची चिठ्ठी, तीन सकाळ द्यावे ऐसे सांगोन, लक्ष्मीबाईंचे हवाली केली आणि त्या माघारी फिरल्या. तवनाप्पांनी बाटली लागलीच भिंतीतील देवळीत ठेवविली, आणि शेडभोवती गंधोदकाचे पवित्र पाणी शिंपविले, आणि णमोकार मंत्राचे पठण नेमिले, आणि मग खुशाल चित्ते अभिषेकास बस्तीत, म्हणजे जैन मंदिरी, गेले.

घरात लक्ष्मीबाई एकट्या उरल्या. त्यांचे स्वतःचे एकाशन, म्हणजे दिवसातोन एकदाच जेवणे, होते. मुंगी चुलीजवळ येईल म्हणोन त्या फुंकर घालोन जागा झाडीत, आणि पाणी गाळल्याविना हंड्यात पडत नसे. त्यांनी बाटली काढिली, केळ्याच्या फोडीत औषध भरिले, आणि फोड हाती धरोन बहुत वेळ उंबऱ्यात बसल्या. ऊन त्यांचे पावलांवरोन सरकत गेले. एका फोडीत चौदा वर्षांची माया होती, आणि त्याच फोडीत मोजता न येणारे मरण होते, आणि दोहोंचे वजन एका बाईचे तळव्यावर. मग त्यांनी णमोकार म्हटला. पाखरासाठी की जंतांसाठी, हे आम्हास समजले नाही. सम्राटाने मान लांबविली आणि फोड गिळिली. ऐसे तीन दिवस, अभिषेकाचे वेळी, न चुकता, हल्ले जाहले.

चौथे दिवशी पाखरू पाणी प्यायले, सहावे दिवशी पायांवर उभे राहिले, आणि चतुर्दशीस त्याने तवनाप्पांची टोपी डोईवरोन उचलोन परसभर मिरविली. बस्तीत डंका पिटला गेला की पाटलांनी पर्वही राखिले आणि जीवही राखिला. समाजाने तवनाप्पांस शाल पांघरविली. त्यांनी ती संकोचोन, परंतु दोन्ही खांदे पुढे करोन, स्वीकारिली.

येणेप्रमाणे भाद्रपद वद्य प्रतिपदेस, गनीम समूळ बुडोन सम्राटाची गादी कायम जाहली, आणि फत्ते तवनाप्पा पाटील यांचे नावे रुजू करण्यात आली.

तो दिवस क्षमावणीचा. वर्षाच्या चुकांची ज्याने त्याने क्षमा मागावी आणि द्यावी, ऐसी चाल. तवनाप्पा गावास हात जोडोन घरी आले, आणि सहज देवळीतील बाटली हलविली, तो ती रिकामी. ते बाटली होती तेथे ठेवोन, खांद्यावरची शाल नीट करोन परसात लक्ष्मीबाईंपुढे आले.

“पर्वात तुझ्या हातनं काय झालं असंल तर बोल,” ते म्हणाले. “आज मी क्षमा करतो.”

लक्ष्मीबाईंनी त्यांजकडे एकवार पाहिले, पाण्याची बादली उचलली, आणि शेडकडे चालत्या जाहल्या.