इंग्रजीतून इंग्रजीत

"काऽ," किसनराव म्हणाले.

"कार," समीक्षा म्हणाली.

"र सोडून दे. र लिहायचा, म्हणायचा नाही. काऽ."

"काऽ."

"अवं, कायले काऽ काऽ करून राह्यले दोघं जनं?" किसनरावांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, भट्टीजवळून विचारलं. "पितरपाटाले लय टाइम हाय अजून."

किसनरावांनी घड्याळाकडे पाहिलं. ते आधीच कमी बोलायचे, आणि आज तर तीन वाजता मुलाखत होती.

पांढरकवड्याच्या अलीकडे, हैदराबाद रोडला लागून वच्छलाबाईंचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चार बाकं, सहा बाजा आणि सदा उकळणारा चहा. पंजाबपासून केरळपर्यंतचे ट्रक तिथे थांबत. मागच्या खोलीत पिठाची पोती होती, आणि सगळ्या घरात मोबाइलला धड नेटवर्क यायचं ते त्या पोत्यांपाशीच. म्हणून नात समीक्षाची मुलाखतही तिथेच होणार होती. मालवाहतुकीची मोठी कंपनी, नागपूरच्या ऑफिसातली नोकरी, कारभार सगळा इंग्रजीत. एक मॅडम चेन्नईहून बोलणार होत्या, एक साहेब मुंबईहून आणि एक साहेब थेट स्कॉटलंडहून.

किसनरावांना आठ दिवस झोप नव्हती. तालुक्याच्या वाचनालयात त्यांनी छत्तीस वर्षं ग्रंथपालाचं काम केलं होतं आणि तिथली इंग्रजी पुस्तकं एकट्यानेच वाचून काढली होती. पण बोलायचे मात्र कधीच नाहीत. त्याला कारण होतं. तरुणपणी नागपूरला एका कॉलेजच्या मुलाखतीत त्यांनी एका वाक्यात 'डिटरमाईन' असा शब्द वापरला. समोरच्या तिघांपैकी मधला हसला, मग उरलेले दोघे हसले. तो शब्द 'डिटर्मिन' असा म्हणायचा असतो, हे त्यांना परतीच्या एस.टी.त खिशातल्या शब्दकोशात सापडलं. त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून इंग्रजी वाक्य निघालं नाही. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती, वच्छलाबाईंनाही नाही.

नातीला कुणी हसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर चाळीस शब्द शुद्ध उच्चारांसह लिहून काढले होते. मुलाखत सुरू झाली की लॅपटॉपच्या मागे बसून लागेल तशी पत्रिका वर धरायची, असं ठरलं होतं.

तेवढ्यात बाहेर दूधवाला आला. "सकाऊन दोन लिटर जास्ती आनजो रे बाप्पा," वच्छलाबाई त्याला म्हणाल्या.

"उद्या म्हणावं," किसनराव आतून हळूच म्हणाले. "सकाऊन म्हणजे सकाळी. परक्या माणसाला काय समजेल?"

"तो आनते ना बराबर! मंग?"

किसनराव पुन्हा पत्रिका लावू लागले. ह्या घराची भाषा सुधारायची त्यांची इच्छा चाळीस वर्षं अशीच पिठाच्या पोत्यांपाशी येऊन थांबत असे.

तीन वाजले. पडद्यावर आधी चेन्नईच्या सेल्वी मॅडम आल्या. केसांत मोगरा, कपाळावर विभूती. मग लाल दाढीचे, गोऱ्या चेहऱ्याचे इयन साहेब आले. मुंबईचे अतुल साहेब आले, "हॅलो, कॅन यू" एवढं म्हणाले आणि त्यांचं नेट गेलं. ते पुन्हा आलेच नाहीत.

"समीक्षा," मॅडमनी सुरुवात केली, "युवर नेटिव्ह प्लेस यिज फार फ्रम नागपूर. यू आर हॅविंग वेहिकल?"

किसनरावांनी पत्रिका वर केली.

"नो, मॅडम," समीक्षा म्हणाली. "वुई हॅव नो काऽ."

"नो काऊ?"

"काऽ, मॅडम."

"व्हिलेज फॅमिली, अँड काऊ यिज नॉट देअर?" मॅडमना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

किसनरावांनी पत्रिका लॅपटॉपवरून आणखी पुढे वाकवून धरली, मग हलवली. पडद्याच्या कडेला मॅडमना छापील बाजूचा गणपती आणि 'चि. सौ. कां.' एवढं दिसलं असणार, कारण त्यांनी मान वाकडी करून विचारलं, "सम मॅरेज यिज गोइंग ऑन?"

समीक्षाने किसनरावांकडे एकदा पाहिलं, पत्रिका हळूच खाली दाबली आणि म्हणाली, "कार, मॅडम. फोर व्हील. नो कार. आय विल कम बाय बस."

"आह, कार्र!" मॅडम आणि साहेब एकदमच म्हणाले. दोघांनीही र असा खणखणीत म्हटला की किसनरावांनी शेजारच्या पोत्यावर ठेवलेल्या शब्दकोशावरचा हात काढून घेतला.

"आय," इयन साहेब होकारार्थी दाढी हलवत म्हणाले. "आय, आय."

हे मात्र वच्छलाबाईंच्या कानावर पडलं. त्या ओव्याचा डबा घेऊनच आत आल्या. "काय झालं त्या साहेबाले? कवापासून आय-आय करून राह्यला. पोट दुखते का? त्याले म्हना, चिमूटभर चावून वरतून कोमट पानी पे." आणि त्यांनी ओवा कॅमेऱ्यासमोर धरला.

"हू'ज दॅट?"

"माय ग्रँडमदर, सर. यू आर सेइंग आय, आय. सो शी थिंक्स यू हॅव स्टमक पेन."

इयन साहेब क्षणभर थांबले आणि मग जोरात हसले. मॅडमही हसल्या. किसनरावांनी ते ओळखलं. तेच हसणं. आधी एक, मग दुसरा. त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडून पाहतात तर समीक्षाही हसत होती आणि वच्छलाबाई पडद्याला बजावत होत्या, "हासू नको, खाय!"

तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. बंदरावरून होता. फोन ऐकून त्या मुलाखत विसरल्या आणि साहेबांकडे वळल्या. कंटेनरमध्ये माल कधी भरायचा, एवढाच प्रश्न होता. "लारी यिज स्टँडिंग यम्प्टी, सार! व्हेन टु लोड?"

"द मॉर्न," साहेब म्हणाले.

"मॉर्निंग यिज ओव्हर, सार!"

"नो, नो. द मॉर्न!"

"यस सार, मॉर्निंग! ओव्हर! नौ यिट यिज थ्री थर्टी!"

"आय नो! सो, द मॉर्न!"

दोघांचेही आवाज चढले. एरवी हे दोघं बोलत तेव्हा मधे अतुल साहेब बसत, आणि ते असे का बसत हे आता कळत होतं. मॅडमनी कपाळाला हात लावला. सकाळच उलटून गेली म्हटल्यावर माल भरायचा राहिला, असंच त्यांनी धरलं. त्या फोनवर कुणाला तरी गाड्या परत पाठवायला सांगू लागल्या. समीक्षाची मुलाखत तर कुणाच्या ध्यानातही उरली नव्हती.

किसनराव पत्रिकांची चळत चाळत होते. 'द मॉर्न' त्यांच्या चाळीस शब्दांत नव्हता.

"मॅडम, वन मिनिट!" समीक्षा म्हणाली. "डोन्ट सेंड बॅक. सर इज सेइंग टुमारो. द मॉर्न मीन्स टुमारो. राइट, सर?"

"टुमॉर्रो! आय!" साहेबांनी दोन्ही हात वर केले.

"अँड सर, मॅडम सेज लॉरी इज एम्प्टी. यम्प्टी, एम्प्टी. सेम."

"आह! एम्प्टी!"

त्यापुढची वीस मिनिटं समीक्षाने चेन्नईचं इंग्रजी स्कॉटलंडला सांगितलं आणि स्कॉटलंडचं चेन्नईला. गाड्या थांबल्या, उद्याचे मजूर ठरले, क्रेनची वेळ ठरली. ती बोलत होती ते इंग्रजी शब्दकोशात कुठेच नव्हतं. त्यात र होते, बाजेवर बसून जेवणाऱ्या ड्रायव्हरांचा ठेका होता, वच्छलाबाईंचा ठसका होता. आणि ते दोन्हीकडे पहिल्या झटक्यात समजत होतं.

शेवटी मॅडमनी मोगरा सारखा केला. "व्हेरी गुड, समीक्षा. वी विल डिटरमाईन बाय फ्रायडे."

किसनरावांच्या मांडीवरची चळत खाली घसरली.

डिटरमाईन. चेन्नईच्या मॅडम. एवढ्या मोठ्या कंपनीत. किसनरावांनी पडद्याच्या कडेने वाकून इयन साहेबांकडे पाहिलं. आता हसतील, मग हसतील.

"आय," साहेब गंभीरपणे म्हणाले, आणि पडदा काळा झाला.

"तुला ते 'द मॉर्न' कसं समजलं गं?" किसनरावांनी लॅपटॉप मिटत विचारलं.

"त्यात काय आबा? आजी नाई का म्हनत, सकाऊन ये, सकाऊन आन? तिचं सकाऊन म्हनजे कवा सकाळ असते? उद्याच असते. साहेबाकडं बी एखादी आजी असन." तिनं खाली पडलेल्या पत्रिका गोळा केल्या. "आन् ड्रायव्हर बोलला का मी शब्द नाई पाहत. त्याले काय पायजे, ते पाहतो."

शुक्रवारी पत्र आलं. समीक्षाची निवड झाली होती. मॅडम आणि साहेबांच्या मधे बसायची अतुल साहेबांची जागाच तिला नागपूरच्या ऑफिसात दिली होती. त्यांनी म्हणे ती आनंदानं सोडली. वच्छलाबाईंनी त्या दिवशी थांबलेल्या प्रत्येक ट्रकला फुकट चहा पाजला आणि प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवलं, "आमची पोट्टी इंग्रजांले इंग्रजी समजावते." किसनराव नुसते कोपऱ्यात बसून होते, पण छाती अशी की सदऱ्याचं वरचं बटण लागेना.

दुपारी तामिळनाडूचा एक ड्रायव्हर काउंटरपाशी आला. हिंदी येत नव्हती. "मील्स? व्हाट टाइम रेडी?"

वच्छलाबाईंनी आत पाहिलं. समीक्षा कपडे घ्यायला गावात गेली होती.

किसनराव उठले. घसा खाकरला. कान लाल झाले. मग रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या वर आवाज चढवून ते म्हणाले, "सिट. आय विल डिटरमाईन."

"ओके, सार," ड्रायव्हर म्हणाला आणि निमूट बाजेवर जाऊन बसला.

वच्छलाबाईंच्या हातातला झारा तसाच राहिला. "काय म्हनले तुमी त्याले?"

"काही नाही. भाजी कधी होते, ते सांग."

"होऊन राह्यली." त्या त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "चाळीस वर्सं मुके बसले होते काहून मंग? आता सकाऊनपासून काउंटरवर तुमीच बसा."

'उद्यापासून म्हण' हे शब्द किसनरावांच्या अगदी ओठांवर आले होते.

"बसतो," ते म्हणाले. "सकाऊन."