डाव्या हिरडीचा न्याय

पावाचा तुकडा तोडताना मोठ्या बाईंचा खालचा मधला दात हलला. त्यांच्या आज्ञेवाचून त्या घरात काही हलल्याचा तो पहिलाच प्रसंग. आयुष्यभर मुख्याध्यापिका म्हणून शाळा धाकात ठेवलेल्या बाईने हिरड्यांच्या रोगापायी दात गमवावा, आणि तेही सून हिरड्यांची डॉक्टर असताना, ही गोष्ट त्यांना अपमानास्पद वाटली.

सून एका नव्या मलमाचा अभ्यास करीत होती आणि त्यावर तिची पदवी अवलंबून होती. मोठ्या बाईंनी ते मलम मागितले तेव्हा तिने नम्रपणे नकार दिला. गुण सिद्ध झाल्याशिवाय ते घरच्या माणसाला लावणार नाही, तोवर केवळ साफसफाई करू, असे तिचे म्हणणे. दात त्या निकालाच्या भरवशावर कसाबसा उभा राहिला.

साफसफाईसाठी बाई सुनेच्या दवाखान्यात जाऊ लागल्या. बाकावर बसलेले अभ्यासातले रुग्ण बहुतेक त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांचे केस पिकलेले, हिरड्या सुजलेल्या. पण बाई आल्या की सारे ताठ उभे राहत. त्यांतल्या एका घड्याळजीने एकदा गाऱ्हाणे मांडले. मलमाची नळी मिळते, पण लावायचे ते फक्त उजव्या बाजूला. उजवीकडचे रक्त थांबले, डावीकडचे वाहतेच आहे.

"डावीकडच्या दातांनी कुणाचं घोडं मारलंय?" बाईंनी विचारले.

"तसा नियमच आहे, बाई."

उभ्या हयातीत त्यांनी वर्गात पंक्तिप्रपंच होऊ दिला नव्हता. सुनेला कारण विचारणे तर त्यांच्या स्वभावातच नव्हते. त्यांनी तिथेच आज्ञा केली: मलम दोन्ही बाजूंना समान लावावे आणि डॉक्टरांच्या कानावर हे घालू नये. वर्गातली गोष्ट बाहेर नेणाऱ्याचे बाई काय करीत, हे बाकावरचा एकही कान विसरला नव्हता.

परिणामी नळ्या निम्म्या वेळातच संपू लागल्या. घड्याळजीची नळी उंदराने पळवली, बसचालकाचीही उंदरानेच नेली आणि शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी तर उंदरांनी दोन नेल्या. सून मुकाट्याने नव्या देत राहिली.

"आई, या गावच्या उंदरांनाही हिरड्यांचा रोग झालाय का हो?"

"उंदरांचं काही सांगता येत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

निकालाच्या दिवशी सून घरी आली ती कुणाला तरी पोचवून आल्यासारखी. दोन्ही बाजू सारख्याच सुधारल्या होत्या. रुग्णांची साफसफाई दोन्हीकडे केली होती, तेव्हा गुण साफसफाईचा आणि मलम कुचकामी, असा तिच्या प्राध्यापकांनी निर्वाळा दिला. मलम बंद होणार होते आणि पदवीही गेल्यातच जमा होती.

"पण सगळ्यांना दोन्हीकडे आराम पडला, हे बरंच झालं की."

"आई, डावी बाजू मुद्दाम तशीच ठेवली होती. तिच्याशीच तर ताडून बघायचं होतं."

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला.

चूक कबूल करण्याचा त्यांना सराव नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी त्या प्राध्यापकांसमोर उभ्या राहिल्या, रुग्णांना बोलावणे धाडले आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "दोन्हीकडे लावायला मी सांगितलं."

प्राध्यापकांनी बाकाकडे पाहिले. घड्याळजी उठला.

"नाही साहेब. बाई असं काही बोलल्याच नाहीत. आम्ही उजवीकडेच लावलं."

बसचालकाने मान डोलावली. शिवणकामवाल्या बाईंनी गळ्याची शपथ घेतली. खरे बोला, असे बाईंनी दरडावले, तेव्हा ही आपल्या निष्ठेची परीक्षा आहे असे समजून बाक अधिकच घट्ट झाला. त्या वर्गाला त्यांनी फार चांगले शिकवले होते.

"सुनेसाठी खोटं बोलणारी सासू मी प्रथमच पाहतोय," प्राध्यापक हळहळून म्हणाले, आणि त्यांनी निकाल कायम केला.

सून सासूकडे वळली. तिला ते उंदीर आठवले होते.

घरी सासू-सुना जेवायला बसल्या. दुसऱ्याच घासाला मोठ्या बाई थांबल्या. त्यांनी तोंडातून काहीतरी काढून तळहातावर ठेवले आणि हात पुढे केला.

"कोणत्या बाजूचा?" सुनेने थंडपणे विचारले.

"मधला," मोठ्या बाई म्हणाल्या. "याला मलम नव्हतं. नुसती साफसफाई."