गोल दातांची करवत

युसूफभाई मलकापूरच्या बाजारात गेले होते वांगी आणायला आणि घेऊन आले एक जुनी, गंजलेली करवत. (वांगी राहिलीच.) शाळेच्या ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाने पेनापेक्षा धारदार वस्तूच्या वाटेला जाऊ नये, पण त्या दिवशी त्यांच्या डोक्यात अम्मा होती.

अम्मा म्हणजे सुगराबी. वडनेर भोलजीला युसूफभाईंचे अब्बा सुतारकाम करायचे. ते गेले, हत्यारं विकली गेली, आणि लेकाने आईला मलकापूरला आणलं. सून मुबीना एवढी मायाळू, की म्हातारीला साधी भाजीसुद्धा निवडू देत नसे. सहा महिन्यांत सुगराबी कंटाळली.

"मी का पाहुणी आहो बे? जुम्म्याची नमाज झाली का मले वडनेरच्या गाडीत बसवून दे," तिने जाहीर केलं आणि बोचकं बांधलं.

त्या बंद घरात ती एकटी पडलीझडली तर तोंडात पाणी कोण घालेल, ही युसूफभाईंना काळजी. बाजारात अब्बांच्यासारखीच करवत दिसली तेव्हा त्यांनी बेत केला. चकचकीत करून भिंतीला टांगायची. अम्माला घर आपलं वाटेल, आणि ती राहील.

गंज काढायला त्यांनी मुबीनाची वर्षाची चिंच भिजवली. (मुबीना जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.) पॉलिश पेपरने मूठ घासली, जवसाचं तेल पाजलं. पात्यात तोंड दिसू लागलं. मग लक्ष गेलं दातांकडे. अम्मा प्रेमाने हात फिरवेल आणि बोट कापेल! त्यांनी कानस घेतली आणि दोन दिवस खपून एकेक दात छान गोल केला.

शुक्रवारी नमाजहून येताच त्यांनी अंगणात करवत काढली आणि थाटात बाभळीच्या लाकडावर चालवली. करवत नुसती किंचाळली. लाकडावर ओरखडा नाही, युसूफभाई मात्र घामाघूम.

"कोणाचा गळा दाबून राह्यला बे?" सुगराबी बोचकं घेऊनच बाहेर आली. करवत पाहिली आणि थबकली. मुठीवरून हात फिरवला. डोळे भरले. मग अंगठा दातांवर गेला.

"याचे दात काऊन असे?"

"तुले लागू नये म्हणून घासले, अम्मा."

सुगराबी पदर तोंडाला लावून इतकी हसली की मुबीना पोळी तव्यावर टाकून धावत आली.

"अरे येड्या, चाळीस वर्सं तुझ्या अब्बाच्या करवतीले धार मी लावली! लोक त्यायच्या हाताची तारीफ करत, अन् ते गपचूप हसत. आण ती कानस इकडे."

तिने बोचकं बाजूला ठेवलं, पायात करवत दाबली आणि घासायला बसली. गाडीची वेळ टळून गेली. संध्याकाळपर्यंत पाच दात झाले.

"बाकीचे आता हळूहळू. महिना तरी लागते," ती खुशीत म्हणाली. "मंग बाजारातून दुसरी आणजो. मुबीना मूठ घासीन, मी धार लावीन."

युसूफभाईंना गहिवरून आलं. "अन् मी, अम्मा?"

"तू ऑफिसात जाय, बेटा. तू हुशार म्हणून अब्बानं तुले शिकवलं असं वाटते का तुले? सागवान लय महाग झालं होतं, तुझ्या हाती देणं परवडत नव्हतं."