मनगटावरचा पट्टा

"मावशी, उद्यापासून तुमच्या गुडघ्यांची जबाबदारी माझी," असं मृण्मयीने चंद्रभागामावशींना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हाच खरं तर तिने जीभ चावायला हवी होती.

गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात ती फिजिक्स शिकवायची. तिसऱ्या मजल्यावरचं मुलींचं स्वच्छतागृह घाण झालंय का, हे नुसतं बघायला साठीला टेकलेल्या सफाईच्या मावशी दिवसातून दहादा जिना चढायच्या. मृण्मयीने दारात सेन्सर बसवला. पन्नास जणी आत गेल्या की मावशींच्या मनगटावरचा पट्टा थरथरणार, तेव्हाच त्यांनी वर जायचं. काम झालं की दाराबाहेरचं बटण दाबायचं, मोजणी पुन्हा शून्यावर. एरवी खाली बसून चहा प्यायचा! प्राचार्या अनसूया मॅडमना पसंत पडलं तर पट्टा कायम, नाही तर मावशींचा जिना कायम.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पन्नास जणींची वाट कोण बघणार? मृण्मयीने पन्नासाचे दोन केले.

दोन मुली आत जाऊन आल्या. पट्टा थरथरला. मावशी वर आल्या, फरशी पुसली, बटण दाबून खाली गेल्या. अनसूया मॅडम खूश! मग सुपरवायझर तरन्नुमताई आत गेल्या, कारण सहीचा तक्ता दाराच्या आतल्या बाजूला होता आणि सही झाल्याशिवाय सफाई झाली असं त्या मानतच नसत. मागोमाग मॅडमही फरशीची चकाकी बघून आल्या.

झाल्या की दोन!

पट्टा थरथरला. मावशी धापा टाकत वर आल्या. चकचकीत फरशी पुन्हा पुसली, बटण दाबलं. नवी सफाई म्हणजे नवी सही. तरन्नुमताई आत. "एवढ्यात झालंसुद्धा?" म्हणत मॅडमही आत.

वीस मिनिटांत फरशी पाचदा पुसली गेली. आता तिच्यात मृण्मयीला स्वतःचा उतरलेला चेहरा स्पष्ट दिसत होता. आकडा बदलायचा तर लॅपटॉप हवा, आणि तो मॅडमच्या हातात. सफाईच्या खेपांचा वर वर चढणारा आलेख बघून त्या अशा हरखल्या होत्या, जणू कॉलेजचा निकालच लागलाय. मृण्मयीचं "मॅडम, एक मिनिट" तीनदा वाया गेलं.

सहाव्या खेपेला मावशी कठडा धरतच वर आल्या. त्यांनी पट्टा सोडला आणि तरन्नुमताईंच्या मनगटावर बांधला.

"तुमीच सारख्या आत जाताय ना ताई? मग तुमीच पुसा. माझं गुडघं आता नाय म्हणत्यात."

तरन्नुमताई नियमाच्या पक्क्या. पट्टा हातात म्हणजे काम आपलं. त्यांनी पुसलं, बटण दाबलं, सही करायला आत गेल्या. मॅडम मागे होत्याच. पट्टा थरथरला.

दुसऱ्यांदा पुसून झाल्यावर मात्र त्यांनी शिपायाकडून हातोडी मागवली, तक्ता आतून उचकटला आणि बाहेरच्या भिंतीवर खिळ्याने ठोकला. बटण दाबलं, दारातूनच डोकावून पाहिलं, सही केली. मॅडम एकट्याच आत जाऊन आल्या. मोजणी एकावर थांबली ती थांबलीच.

मॅडमनी लगेच मंजुरी दिली. खाली मावशी पाय पसरून चहा पीत होत्या.

मृण्मयीने त्याच आठवड्यात बावीस पानांचा अहवाल लिहिला. 'यंत्रणेतील सर्वांत परिणामकारक सुधारणा' या मथळ्याखाली बराच वेळ विचार करून तिने प्रामाणिकपणे दोन शब्द लिहिले: एक खिळा.